एकटा अधिकारी, एक साक्षीदार आणि १९७९ची इटली

उम्बेर्तो लेन्झी यांचा १९७९ सालचा 'दा कोर्लेओने आ ब्रुकलिन' (म्हणजे सिसिली बेटावरच्या कोर्लेओने गावापासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनपर्यंत) हा इटालियन मारधाडपट पाहून एका विद्यार्थ्याने मला दोन प्रश्न विचारले आहेत. एवढ्या मोठ्या माफिया-प्रमुखाविरुद्धच्या साक्षीदाराला इटलीतून थेट न्यूयॉर्कपर्यंत नेण्याचे काम एकट्या पोलीस अधिकाऱ्याकडे कसे काय दिले जाईल, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ जागोजागी बसत नसताना, कथेतही फारसे वळण नसताना, चित्रपटाची पकड शेवटपर्यंत का सुटत नाही, हा दुसरा. मी गेली बत्तीस वर्षे संकलनाच्या टेबलावर आणि डबिंगच्या खोलीत काम करतो आहे, आणि या प्रकारचे इटालियन चित्रपट मी कामाचा भाग म्हणूनही अनेकदा पाहिले आहेत. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ज्या गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही, म्हणजे संपूर्ण संरक्षण-व्यवस्थेच्या जागी उभा असलेला एकच माणूस, तीच या चित्रपटातली सर्वांत खरी गोष्ट आहे आणि चित्रपटाची सारी रचनाही तिच्यावरच उभी आहे.

कथा थोडक्यात अशी आहे. सिसिलीतला माफिया-प्रमुख बार्रेसी नाव बदलून न्यूयॉर्कमध्ये स्थिरावला आहे. हाच तो बार्रेसी, असे न्यायालयात ठामपणे सांगू शकेल असा माणूस म्हणजे त्याच्यासाठी खून पाडणारा स्कालिया. पोलीस अधिकारी बेर्नी याने या स्कालियाला जिवंत न्यूयॉर्कला पोहोचवायचे आहे आणि वाटेत ठिकठिकाणी बार्रेसीची माणसे त्यांच्यावर टपलेली आहेत. बेर्नीची भूमिका माउरित्सियो मेर्ली यांची, स्कालियाची बियाजो पेल्लिग्रा यांची. बार्रेसी झाले आहेत नेपल्सच्या संगीत-नाट्याचे लोकप्रिय गायक मारिओ मेरोला, आणि न्यूयॉर्कच्या पोलीस अधिकाऱ्याच्या छोट्या भूमिकेत हॉलिवूडचे जुने नट वॅन जॉन्सन आहेत. एक खुलासा इथेच करतो. उपशीर्षकांत बेर्नीला कधी कधी 'कमिशनर' म्हटलेले दिसते. त्यामुळे आपल्याकडचा पोलीस आयुक्त डोळ्यांसमोर येतो आणि गोंधळ वाढतो. इटलीतला 'कोम्मिस्सारिओ' हा स्वतः रस्त्यावर उतरून तपास करणारा, हाताखाली मोजकी माणसे असलेला अधिकारी असतो. एवढे लक्षात ठेवले की आयुक्त स्वतः गाडी चालवत साक्षीदाराला का नेतो, ही शंका उरत नाही.

आता 'एकटाच का' या मूळ प्रश्नाकडे वळू. १६ मार्च १९७८ रोजी रोममधल्या फानी रस्त्यावर माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण झाले, तेव्हा त्यांच्या संरक्षणासाठी असलेले पाचही जण मारले गेले. मोरो फियाटमध्ये होते, मागे संरक्षकांची आल्फेत्ता गाडी होती, आणि दोन्हींपैकी एकही गाडी चिलखती नव्हती. देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या राजकीय नेत्यांपैकी एकाची ही अवस्था. म्हणजे १९७९ मध्ये चित्रपटगृहात बसलेल्या इटालियन प्रेक्षकाने, संरक्षण म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे वर्षभरापूर्वीच वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांत पाहिले होते. पुष्कळ पोलीस सोबत असले म्हणजे माणूस सुरक्षित असतो, हा विश्वासच त्याच्या मनातून उडालेला होता.

ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षीचा जुलै महिना मी विद्यार्थ्यांना नेहमी सविस्तर सांगतो, कारण तो माहीत असल्याशिवाय हा चित्रपट नुसता पोरखेळ वाटण्याची भीती असते. ११ जुलैच्या रात्री मिलानमध्ये जॉर्जो आम्ब्रोसोली या वकिलांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घालण्यात आल्या. बँकर मिकेले सिंदोना यांच्या बुडालेल्या बँकेचा कारभार १९७४ पासून त्यांच्या हाती सोपवलेला होता. त्यांनी त्या बँकेतले गैरव्यवहार उघडे केले होते आणि त्याच दिवशी अमेरिकी अधिकाऱ्यांसमोर त्यांची जबानी झाली होती. मारेकरी अमेरिकेतून आणलेला होता. आम्ब्रोसोली हे सर्वार्थाने साक्षीदार होते, त्यांना धमक्या आलेल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत एकही पोलीस नव्हता. दुसऱ्या दिवशी, १२ जुलैला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका इटालियन खानावळीच्या मागच्या अंगणात माफिया-प्रमुख कार्माइन गलांटे यांचा खून झाला. आणि २१ जुलैला सिसिलीतल्या पालेर्मो शहराच्या गुन्हे-शोध पथकाचे प्रमुख बोरिस जुलियानो सकाळी घराजवळच्या कॉफीच्या दुकानात उभे असताना त्यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडल्या गेल्या. जुलियानो अमेरिकेत एफबीआयच्या अकादमीत शिकून आलेले होते; पालेर्मो आणि न्यूयॉर्क यांच्यामधला अमली पदार्थांचा आणि पैशांचा प्रवाह ते उलगडत होते; पालेर्मोच्या विमानतळावर सापडलेल्या सुटकेसांतल्या पाच लाख डॉलरचा माग काढत होते. त्या सकाळी ते एकटे होते.

मिलान, ब्रुकलिन, पालेर्मो: दहा दिवसांत तीन खून. त्यानंतर २५ सप्टेंबरला पालेर्मोमध्येच न्यायाधीश चेझारे तेर्रानोवा मारले गेले आणि त्यांच्यासोबत लेनिन मान्कुझो हे पोलीस कर्मचारीही मारले गेले. मान्कुझो अनेक वर्षे तेर्रानोवांच्या सोबतीला होते. त्या दिवशी न्यायाधीशांचे संरक्षण म्हणजे गाडीत शेजारी बसलेला हा एक माणूस एवढेच होते. चित्रपटातला बेर्नी अतिशयोक्त वाटतो तो त्याच्या नेमबाजीमुळे आणि प्रत्येक हल्ल्यातून वाचण्यामुळे. त्याचे एकटेपण मात्र अजिबात अतिशयोक्त नाही.

कायद्याची बाजूही हेच सांगते. साक्षीदाराला नवे नाव, नवे गाव आणि नवे कागदपत्र देऊन सांभाळण्याची व्यवस्था अमेरिकेत १९७० च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यापासून उभी राहिली होती आणि ती चालवणारे मार्शलांचे स्वतंत्र दल होते. इटलीत त्या वेळी असे काहीही नव्हते. सहकार्य करणाऱ्या आरोपीला शिक्षेत सूट देण्याची तरतूद १९७९ च्या डिसेंबरात वटहुकमाने आली आणि १९८० च्या फेब्रुवारीत तिचा कायदा झाला, पण तीही दहशतवादाच्या खटल्यांसाठी. माफियाविरुद्ध बोलणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा १९९१ मध्ये झाला. म्हणून शीर्षकातला कोर्लेओने ते ब्रुकलिन हा प्रवास नकाशावरच्या दोन गावांपुरता नाही. ज्या देशात साक्षीदारासाठी कायदाच नाही, तिथून निघून, ज्या देशात तो आहे तिथे माणसाला जिवंत पोहोचवायचे आहे, आणि मधल्या सगळ्या वाटेवर कायद्याच्या जागी एक अधिकारी आहे. लेन्झींनी हा विचार असाच मांडून चित्रपट केला असेल, असे माझे म्हणणे नाही. त्यांना चांगला चालणारा थरारपट करायचा होता. पण ज्या काळात आणि ज्या देशात तो केला, त्या काळाने त्याला हा आशय आपोआप दिला आहे.

'साक्षीदार' या शब्दाबद्दलही सावध राहायला हवे. स्कालिया हा रस्त्याने जाताना खून पाहिलेला निरपराध माणूस नव्हे. आपल्या न्यायालयांच्या भाषेत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द 'माफीचा साक्षीदार' हा आहे. इटलीत पुढे अशा माणसांना 'पेंतीतो', म्हणजे पश्चात्ताप झालेला, असे म्हणू लागले. फरक एवढाच की माफीच्या साक्षीदाराला माफी देऊ शकणारा कायदा मागे उभा असतो, आणि स्कालियाच्या काळात माफियातल्या माणसाला देण्यासारखे राज्यसंस्थेच्या हाती काहीच नव्हते. लेओनार्दो विताले या पालेर्मोच्या माफियातल्या तरुणाने १९७३ मध्ये स्वतःहून पोलिसांकडे जाऊन सगळे सांगितले, तेव्हा त्याला मानसिक रुग्ण ठरवण्यात आले आणि त्याची बरीच वर्षे गुन्हेगारांच्या मनोरुग्णालयात गेली. १९८४ मध्ये तो सुटला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चर्चमधून परतताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी तोमासो बुशेत्ता याला ब्राझीलमधून इटलीत आणले गेले, त्याने न्यायाधीश जोवान्नी फाल्कोने यांना माफियाची सारी रचना उलगडून सांगितली, पालेर्मोच्या महाखटल्यात ४७५ आरोपींविरुद्धच्या कामात त्याची साक्ष कळीची ठरली, न्यूयॉर्कमधल्या एका माफिया-खटल्यातही त्याने साक्ष दिली. पण त्याला सांभाळले ते अमेरिकेने, कारण इटलीत तशी सोय अजूनही नव्हती. १९७९ च्या चित्रपटाने कल्पनेने आखलेली वाट पाच वर्षांनी प्रत्यक्षात अशी उतरली.

निरपराध साक्षीदाराची कथा वेगळी आहे आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. २१ सप्टेंबर १९९० रोजी सिसिलीत ३७ वर्षांचे न्यायाधीश रोझारिओ लिवातीनो आपल्या साध्या गाडीतून, कोणत्याही संरक्षणाशिवाय, कामावर निघाले असताना महामार्गावर त्यांचा पाठलाग करून खून झाला. तिथून जाणाऱ्या, उत्तर इटलीतल्या एका फिरत्या विक्री-प्रतिनिधीने तो प्रकार पाहिला, पोलिसांना कळवले आणि मारेकऱ्यांची ओळखही पटवली. त्यानंतर त्याची नोकरी गेली, घर सुटले, नाव बदलले, आणि कुटुंबासह दुसऱ्या देशात राहण्याची वेळ आली. संरक्षणाचा कायदा पुढच्या काही महिन्यांत आला, पण गुन्हेगार-साक्षीदार आणि निरपराध साक्षीदार यांना वेगळे ओळखणारी दुरुस्ती होण्यासाठी २००१ साल उजाडावे लागले. लेन्झींच्या चित्रपटात अशा साध्या माणसाला जागा नाही, ही त्याची मर्यादा आहे. दोन बाजूंनी बंदुका घेतलेली कणखर माणसे आणि मधे एक मारेकरी, एवढेच त्याचे जग आहे. स्त्री-पात्रांनाही त्यात अगदीच थोडा वाव मिळतो.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे पकड. त्यासाठी मेर्ली यांची आधीची ओळख माहीत हवी. सत्तरच्या दशकात इटलीत पोलिसपटांची एक मोठी लाट आली होती, तिला समीक्षकांनी नंतर 'पोलित्सियोत्तेस्को' असे नाव दिले. १९७५ च्या 'रोमा व्हियोलेन्ता'पासून मेर्ली हे त्या लाटेचे सर्वांत ओळखीचे चेहरे झाले: सोनेरी केस, दाट मिशी, आणि कायद्याच्या संथपणाला कंटाळून हात उचलणारा अधिकारी. लेन्झींसोबत त्यांनी १९७६ मध्ये दोन आणि १९७७ मध्ये एक असे तीन चित्रपट केले आणि त्यांत हा अधिकारी प्रेक्षकांच्या टाळ्या घेत गुंडांना बडवत सुटतो. अशा माणसाला चौथ्या चित्रपटात लेन्झींनी साक्षीदाराच्या शेजारी नेऊन बसवले. आता त्याला पाठलागावर निघता येत नाही, कारण तो निघाला की मागे स्कालिया उघडा पडतो. राग आला तरी तो गिळावा लागतो. समोर सापडलेल्या हल्लेखोराला सोडून द्यावे लागते. जो नायक धावण्यासाठीच प्रसिद्ध, त्याला बांधून ठेवले आहे, आणि बांधले आहे ते ज्याच्याविषयी त्याला घृणा वाटायला हवी अशा माणसाशी. या एका निवडीमुळे मेर्ली यांचा अभिनय इथे अधिक संयत झाला आहे; माझ्या पाहण्यातले त्यांचे हे सर्वांत चांगले काम आहे.

संकलक म्हणून मला त्यापुढची गोष्ट दिसते. पाठलागाच्या प्रसंगात एका चौकटीत एक माणूस पुरतो. संरक्षणाच्या प्रसंगात तसे होत नाही, कारण अधिकारी एकटा पडद्यावर आला की प्रेक्षकाच्या मनात लगेच प्रश्न उठतो, 'तो दुसरा कुठे आहे?' हा प्रश्न किती वेळ टांगता ठेवायचा, यावर सगळा ताण अवलंबून असतो. दोघे एका चौकटीत असतील तर प्रेक्षक श्वास सोडतो. अधिकाऱ्याचा क्लोजअप लांबला की तो रोखून धरतो. गोळी सुटण्याची गरजच नसते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मराठी गुन्हे-मालिकेचा भाग माझ्याकडे संकलनासाठी आला होता. एक हवालदार आरोपीला एसटीने न्यायालयात घेऊन जातो, एवढाच प्रसंग होता. चित्रीकरण घाईत झाले होते आणि दोघांचे वेगवेगळे क्लोजअप तेवढे घेतलेले होते. दोघे शेजारी बसल्याचा एकही शॉट नव्हता. मी जोडून पाहिले तर दोघे वेगवेगळ्या बसमध्ये बसल्यासारखे वाटत होते, धोका कुठे जाणवतच नव्हता. शेवटी रद्दीत टाकलेल्या तुकड्यांत मला चार सेकंदांचा एक शॉट सापडला: समोरच्या सीटच्या दांड्यावर दोन हात, एक खाकी बाहीचा, एक बेडी घातलेला, आणि खड्ड्यातून बस गेल्यावर दोन्ही हात एकाच वेळी घट्ट होतात. तो शॉट मी तीन ठिकाणी तोडून वापरला. क्लोजअप तेच राहिले, पण आता त्यांच्यामध्ये एक साखळी आली. लेन्झींचा चित्रपट पाहताना माझे लक्ष याच साखळीकडे जाते. दोघे एका चौकटीत कधी आहेत, कोण पुढे आणि कोण मागे आहे, हे पाहत गेलात तर अधिकारी आणि मारेकरी यांच्यातले नाते संवादांच्या आधी तुम्हाला कळू लागेल. संवाद बऱ्याच ठिकाणी माहिती पुरवण्यापुरतेच आहेत. खरे काम या अंतराने केले आहे.

ओठ आणि आवाज यांचा मेळ न बसण्याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. त्या काळातल्या इटालियन चित्रपटांत चित्रीकरणाच्या जागी ध्वनी अंतिम म्हणून घेतच नसत. सारे आवाज नंतर डबिंगच्या खोलीत भरले जात. परदेशी नट बहुधा आपापल्या भाषेत बोलत आणि त्यांना नंतर इटालियन आवाज दिला जाई. प्रसंगाचे छोटे तुकडे करून त्यांची टोके जोडत आणि तो तुकडा पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरवत. त्याला इटालियनमध्ये 'आनेल्लो', म्हणजे अंगठी, म्हणतात. आपल्याकडे आम्ही त्यालाच 'लूप' म्हणत असू. मी उमेदवारी करत होतो तेव्हा फिल्मवर मेणाच्या पेन्सिलीने तिरकी रेघ ओढावी लागे. ती रेघ पडद्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला पोहोचली की नटाने तोंड उघडायचे. रेघ दोन फ्रेम चुकली तरी आवाज ओठांच्या मागे पडे.

या पद्धतीत जे हरवते ते उघड आहे, पण तिने जे दिले तेही ऐकायला हवे. आवाज मागाहून भरायचे असल्यामुळे कॅमेरा कुठेही नेता येत असे, गर्दीच्या रस्त्यावर, धावत्या गाडीत, विमानतळावर, कारण मागच्या गोंगाटाची फिकीर नसे. आणि ध्वनी रिकाम्या पाटीवर लिहायचा असल्यामुळे कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता वगळायचा हे दिग्दर्शकाच्या हाती राही. एखाद्या प्रसंगात रस्ता असूनही रस्त्याचा आवाज नसतो, फक्त पावलांचा असतो. अशा वेळी कान आपोआप टवकारले जातात. फ्रांको मिकालित्सी यांचे संगीतही याच मोकळ्या जागेत घुमते. म्हणून हा चित्रपट पाहताना ओठांकडे पाहू नका, डोळ्यांकडे पाहा. बेर्नीची नजर एका ठिकाणी ठरत नाही, ती दारे, खिडक्या, आरसे आणि अनोळखी माणसांचे हात यांवर फिरत राहते. डबिंग डोळ्यांना काही करू शकत नाही.

कोणती आवृत्ती पाहावी, असेही त्या विद्यार्थ्याने विचारले आहे. इंग्रजी डबिंग उपलब्ध असले तरी इटालियन ध्वनी आणि उपशीर्षके यांचीच निवड करावी, असे मी सांगेन. दोन्ही आवृत्त्यांत आवाज मागाहूनच भरलेला आहे, परंतु मुख्य नट इटालियन आहेत आणि त्यांच्या हातवाऱ्यांची लय त्या भाषेशीच जुळते. त्यानंतर रिकी तोन्याझ्झी यांचा १९९३ सालचा 'ला स्कोर्ता' अवश्य पाहावा. त्यात सिसिलीतल्या एका न्यायाधीशाचे संरक्षण करणाऱ्या तुकडीची कथा आहे, आणि मधल्या चौदा वर्षांत काय काय घडून गेले आहे हे त्या चार तरुणांच्या चेहऱ्यांवर दिसते. चित्रपटाचा शेवट मी मुद्दाम सांगितलेला नाही. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा आवाज पूर्ण बंद करा, हाती कागद-पेन्सिल घ्या, आणि बेर्नी व स्कालिया एका चौकटीत आले की एक खूण करा. जिथे खुणा बराच वेळ पडत नाहीत तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहा.